माथेरानचा मुक्काम

दोन-तीन दिवसांची सुटी हाती आली की आपल्याकडील गृहस्थ डोंगराकडे पाहू लागतो, आणि डोंगराकडे पाहता पाहताच त्या सुटीच्या प्रत्येक तासाचा जमाखर्च मांडू लागतो. किती वाजता निघावयाचे, कोणते स्थळ सकाळी उरकावयाचे, कोणते दुपारी पदरात पाडून घ्यावयाचे, वाटेतल्या कोणत्या देवळाशी किती वेळ थांबावयाचे, याची जी कागदोपत्री मोहीम तो उभारतो, तिच्यापुढे एखाद्या मामलेदाराची जमाबंदीची फिरतीही सैल वाटावी. विश्रांतीसाठी निघालेल्या मनुष्यास परत येताना विश्रांतीची गरज जातानापेक्षा अधिक असते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही. वस्तुतः थोडक्या दिवसांत खरा विसावा हवा असेल, तर त्या विसाव्याचीच आधी तजवीज करावी लागते. आणि ती तजवीज बहुतांशी वगळण्याची असते. स्थळे वगळावी लागतात, सामान वगळावे लागते, आणि घड्याळाशी असलेले नातेही थोडे सैल करावे लागते. ही शिस्त स्वतःच्या निग्रहाने पाळणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी सह्याद्रीत एक गाव असे आहे की जेथे ती सरकारी हुकमानेच पाळावी लागते. ते गाव माथेरान.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उभ्या राहिलेल्या एका लांबट डोंगराच्या सपाट माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे जुन्या मोजणीने २,६०० फुटांच्या आसपास, हे गाव वसले आहे. महाबळेश्वराच्या मानाने ही उंची फार नव्हे, आणि मे महिन्यात येथे काश्मीरची थंडी मिळेल अशा अपेक्षेने कोणी गेल्यास त्याची निराशा होईल. परंतु माथ्यावर तांबड्या जांभ्या दगडाचा थर आणि त्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा यांची दाट झाडी असल्यामुळे, खाली नेरळला अंगाची लाही होत असतानाही वर रस्त्यावर सावली असते. आणि सावलीतून चालता येणे ही उष्ण देशात सामान्य गोष्ट नाही. डोंगराच्या कडा चोहोकडून तुटलेल्या आहेत, त्यामुळे कोणत्याही दिशेने गेले तरी वाट अखेर एखाद्या कड्याशी येऊन संपते. या कड्यांनाच येथे ‘पॉइंट’ म्हणतात.

इंग्रजी दप्तराप्रमाणे माथेरानचा शोध १८५० च्या मे महिन्यात लागला. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ पायथ्याच्या चौक गावी पडला असता, ते आज ‘वन ट्री हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाजूने वर चढले, माथ्यावरील रानात फिरले, आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरले. जागा त्यांच्या मनात इतकी भरली की त्यांनी पुढे येथे घर बांधले, आणि लॉर्ड एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना या वसाहतीला सरकारी आश्रय लाभला. अर्थात शोध हा शब्द येथे साहेबाच्या सोयीने घ्यावयाचा. कारण धनगर, ठाकूर आणि कातकरी यांना हा डोंगर त्यापूर्वीच पायाखालचा होता, आणि साहेब ज्या वाटांनी चढले-उतरले त्या वाटाही त्यांच्याच पायांनी मळलेल्या होत्या. पुढे इंग्रज अधिकारी, पारशी शेठ आणि बोहरी व्यापारी यांनी झाडीत बंगले बांधले. त्यांतले काही आज पडके आहेत, काहींची उपाहारगृहे झाली आहेत, आणि काही अजून रुंद व्हरांडे व उतरती कौले सांभाळून, मालक वर्षातून क्वचितच येत असले तरी, नीटनेटके उभे आहेत.

माथेरानचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या उंचीत नाही, आणि इतिहासातही नाही. ते त्याच्या रहदारीच्या कायद्यात आहे. नेरळहून वर येणारी मोटारीची सडक दस्तुरी नाक्यापाशी संपते, आणि तेथून पुढे खाजगी मोटार, फटफटी, बस यांना सक्त मनाई आहे. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर गावाचा सारा व्यवहार शतकाहून अधिक काळ माणसाच्या पायांवर, घोड्याच्या पाठीवर आणि हाताने ओढावयाच्या रिक्षांवर चालत आला. केंद्र सरकारने २००३ साली माथेरान व त्याभोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर या मनाईला अधिक बळकटी आली. परिणाम असा की, ज्याला चार तासांत बारा स्थळे उरकावयाची आहेत त्याला येथे साधनच उपलब्ध नाही. बेत आखताना ही गोष्ट अडचण म्हणून न धरता आधार म्हणून धरावी. पायी चालण्याच्या वेगाने दिवसात जेवढे घडेल तेवढेच घडू द्यावयाचे, एवढे एकदा मान्य केले की उरलेली आखणी सोपी होते.

पहिला प्रश्न ऋतूचा. पाऊस ओसरल्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा. आकाश धुतलेले असते, दरीपलीकडचे डोंगर स्पष्ट दिसतात, आणि सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाचा ताव वाढतो व रस्त्यावरील तांबडी धूळ पायघोळ वस्त्रांची परीक्षा पाहते. मे महिन्यात शाळांच्या सुट्यांमुळे गर्दी लोटते. पावसाळ्याचे प्रकरण स्वतंत्र आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे पाऊस असा कोसळतो की कित्येक दिवस कड्यावरून धुक्याखेरीज काही दिसत नाही, वाटा शेवाळतात, आणि काठाशी जाणे धोक्याचे होते. ज्याला व्हरांड्यात बसून पावसाचा आवाज ऐकणे हाच उद्योग पुरतो, त्याने खुशाल त्या दिवसांत जावे, देखाव्यांची अपेक्षा धरणाऱ्याने जाऊ नये. ऋतू कोणताही असो, शनिवार-रविवार आणि दिवाळीनंतरचा आठवडा टाळता आल्यास अवश्य टाळावा. मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या मध्ये असण्याचा लाभ व ताप हे दोन्ही माथेरानच्या वाट्याला सारखेच आले आहेत. मंगळवार-बुधवारी जो रस्ता आपला एकट्याचा असतो, तोच शनिवारी दुपारी जत्रेचा होतो.

जाण्याचा मार्ग सरळ आहे. मुंबईहून कर्जतकडे जाणारी लोकल दोन तासांच्या आत-बाहेर नेरळला पोहोचविते. पुण्याहून येणाऱ्याने कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. भिवपुरी रोडनंतर नेरळ लागते. नेरळला उतरल्यावर दोन वाटा फुटतात. घाई असलेले लोक स्थानकाबाहेरील सामायिक टॅक्सीत बसून घाटाने अर्ध्या तासात दस्तुरी गाठतात. घाई नसलेल्यांनी, आणि ज्या ऋतूत ती चालू असेल त्या ऋतूत सर्वांनीच, छोट्या गाडीचा विचार करावा.

ही गाडी म्हणजे सर आदमजी पीरभॉय यांच्या औदार्याचे व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीचे स्मारक आहे. १९०४ साली काम सुरू झाले, १९०७ साली गाडी धावू लागली, आणि त्या काळचे सोळा लाख रुपये त्यावर खर्ची पडले. दोन फुटी रुळांवरून सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर ही गाडी दोन तासांहून अधिक वेळ घेऊन कापते, कारण डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसे घालीत चढण्याचे धोरण तिच्या आखणीत ठेवलेले आहे. काही ठिकाणी चढ विसास एक, म्हणजे वीस फूट पुढे जाताना एक फूट वर, इतका आहे. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान अशी तिची स्थानके. सबंध मार्गावर बोगदा एकच, आणि तोही इतका आखूड की इंग्रजांनी त्याला चुंबनापुरता बोगदा असे चावट नाव देऊन ठेवले. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीने हा मार्ग जागोजाग वाहून गेला होता, तो दोन वर्षांनी सुरू झाला. पुढे घसरणीच्या घटनांमुळे व पुन्हा पावसाच्या तडाख्यामुळे सेवा वेळोवेळी खंडित झाली, आणि नेरळपासूनची पूर्ण फेरी २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ववत झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा दरवर्षी बंद असतो, अमन लॉज ते माथेरान ही लहान फेरी मात्र तेव्हाही चालते. सबब निघण्यापूर्वी रेल्वेचे चालू वेळापत्रक पाहणे इष्ट, आणि गाडीच्या फेऱ्या व आसने दोन्ही मोजकीच असल्यामुळे नेरळच्या खिडकीवर वेळेच्या बऱ्याच आधी उभे राहणे त्याहून इष्ट.

गाडीने जाणाऱ्यास एक शिक्षण आपोआप मिळते. जुम्मापट्टी सोडल्यावर गाडी घोड्याच्या नालासारख्या वळणावरून फिरते, तेव्हा खिडकीतून आपल्याच गाडीचे इंजिन समोरच्या बाजूने उलट दिशेला चालल्याप्रमाणे दिसते. खालचे नेरळ एकदा डावीकडे येते, एकदा उजवीकडे येते, आणि प्रत्येक वेळी थोडे लहान झालेले असते. डब्यात बसलेली मुले पहिला अर्धा तास गोंगाट करतात, मग ‘अजून किती?’ असे विचारू लागतात, आणि त्यानंतर कधीतरी विचारणे सोडून खिडकीच्या चौकटीवर हनुवटी टेकून बसतात. मोठ्यांचीही अवस्था याहून निराळी नसते, फक्त ती मोबाइलच्या पडद्याआड झाकलेली राहते. वर पोहोचेपर्यंत शहरातली घाई बरीचशी अंगातून उतरलेली असते, आणि सहलीचा हा पहिला लाभ तिकिटाच्या दरातच मिळून जातो.

टॅक्सीने येणाऱ्यास दस्तुरी नाक्यावर उतरून प्रवेशकर भरावा लागतो, आणि तेथेच सामानाचा प्रश्न उभा राहतो. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. अमन लॉजहून लहान गाडी मिळाली तर ठीक. नाही तर पायी, घोड्यावर किंवा रिक्षाने. नाक्यावर उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाभोवती क्षणात गराडा पडतो. कोणी घोडा पुढे करतो, कोणी खोली सुचवितो, आणि ‘गाडी आज बंद आहे’ अशी वार्ता देणारे हितचिंतकही त्यांत असतात. अशा वेळी न रागावता पुढे होऊन दरपत्रकाचा फलक वाचावा, गाडीची चौकशी स्थानकावरच करावी, आणि मगच सौदा ठरवावा. सामान वाहणाऱ्यांत डोंगरउतारावरील वाड्यांतून पहाटे चढून आलेल्या स्त्रिया पुष्कळ दिसतात. अशी एखादी बाई डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवते, दोन चाकांची ती गुळगुळीत शहरी पेटी, जिची चाके या खडबडीत वाटेवर काहीच उपयोगाची नसतात, दुसरीच्या मदतीने वर चढविते, वर आणखी एक पिशवी ठेवून घेते, आणि एका हाताने तोल सांभाळीत चालू लागते. ‘दादा, तुम्ही या सावकाश, मी हाटेलात थांबते,’ असे सांगून ती वळणाआड होते, आणि रिकाम्या हातांनी मागून येणारा मालक पहिल्या चढावरच धापा टाकू लागतो.

सामानाचा नियम म्हणून येथे उपदेशाने सांगावा लागत नाही. आपण जे जिन्नस घेतो त्यांचे वजन माथेरानात कोणाच्या तरी मानेवर येते, आणि ती मान आपल्या डोळ्यांसमोर असते. दोन रात्रींच्या मुक्कामास पाठीवर मावेल एवढीच पिशवी पुरे: जाड तळव्यांचे वापरलेले जोडे, एक गरम वस्त्र, विजेरी, पाण्याची बाटली, नित्याची औषधे, आणि थोडी रोख रक्कम, कारण डोंगरावरील यंत्रे व मोबाइलची जोडणी नेहमीच साथ देतील असे नाही. पांढरे कपडे आणू नयेत. येथील लाल माती धोबीघाटालाही दाद देत नाही. एवढे सामान ज्याचे त्याला नेता येते. हमालास काम न मिळाल्याची रुखरुख ज्यांना वाटेल त्यांनी सामान न वाढविता त्याच पैशांत एखाद्या स्थानिक वाटाड्यास अर्धा दिवस बरोबर घ्यावे. जंगलाची माहितीही मिळते आणि मजुरीही मानाची होते.

राहण्याच्या जागा साध्या खोल्यांपासून ऐसपैस जुन्या बंगल्यांपर्यंत अनेक प्रकारच्या आहेत. निवड करताना बाजारपेठेच्या गजबजाटापासून जागा किती दूर आहे, तिला बसण्याजोगा व्हरांडा आहे काय, आणि भोवती झाडे आहेत काय, हे तीन प्रश्न दूरचित्रवाणी संचाच्या आकारापेक्षा महत्त्वाचे समजावेत. बऱ्याच ठिकाणी खोलीचे भाडे दोन्ही वेळच्या जेवणासह आकारले जाते. हा शिरस्ता आळशी प्रवाशाच्या हिताचा आहे. वृद्ध मंडळी बरोबर असतील तर स्थानकाजवळची जागा पाहावी, आणि बाजारापासून लांबचा बंगला घेण्याचा मोह आवरावा, कारण रात्री जेवून परतताना काळोख, चढउतार आणि रस्त्यात आडवी आलेली मुळे यांचा मुकाबला त्यांनाच करावा लागतो.

आता पाहण्याविषयी. येथील पॉइंट तीसच्या आसपास भरतात. नकाशावर ते सर्व रांगेने छापलेले असतात, आणि घोडेवालेही ‘सात पॉइंट’, ‘बारा पॉइंट’ असे गठ्ठे बांधून त्यांचे दर सांगतात. या गठ्ठ्यांना बळी पडू नये. माझ्या मते दोन रात्रींच्या मुक्कामात एक तळे, पूर्वेचा एक कडा आणि पश्चिमेचा एक कडा एवढे पाहणे पुष्कळ झाले. पोहोचल्या दिवशी दुपारचे जेवण व वामकुक्षी आटोपून शार्लट तलावाकडे जावे. झाडीतून जाणारी वाट आहे, चढउतार बेताचे आहेत, आणि तळ्यालगतच पिसारनाथाचे लहानसे देऊळ आहे. ग्रामदैवत असलेल्या या शंकराच्या दर्शनाला गाववाले नेमाने येतात, म्हणून तेथे सहलीचा आवाज थोडा खाली आणावा. माथेरानला पिण्याचे पाणी पुरविण्यात या तळ्याचा वाटा मोठा आहे, हे ध्यानात ठेवून त्यात पाय बुडविणे किंवा कागद-बाटल्या टाकणे यांपासून मुलांना परावृत्त करावे. तळ्यापासून एको आणि लुईसा हे पश्चिमेकडील कडे जवळ आहेत, तथापि ते त्याच दिवशी गाठण्याचे कारण नाही.

दुसरा दिवस पूर्वेचा. उत्तर टोकाला असलेला पॅनोरमा पॉइंट बाजारापासून लांब आहे. पहाटे निघून, ऊन चढण्यापूर्वी पोहोचून, तेथे बसून परत यावयाचे म्हटले की सकाळ भरून जाते. परंतु या कड्यावरून नजर जितकी मोकळी फिरते तितकी अन्यत्र क्वचितच फिरत असेल. पायथ्याशी नेरळ, त्याच्या शेतांतून जाणारे रेल्वेचे रूळ, उल्हास नदीचे खोरे, जवळच पेबचा किल्ला, आणि समोर पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत, जिच्यावर भीमाशंकराचे पठार आहे. सूर्य त्या भिंतीमागून वर येतो तेव्हा प्रथम धुक्याची दुलई पांढरी होते, मग तिच्यातून एकेक टेकडी बाहेर पडते. इतके चालणे ज्यांना झेपणार नाही त्यांनी गार्बट पॉइंटच्या बाजूस किंवा बाजाराजवळच्या खंडाळा पॉइंटवर जावे. कडा कोणता यापेक्षा तेथे किती वेळ बसलो याला महत्त्व अधिक.

याच सह्याद्रीच्या रांगेत सिद्धगड आहे, आणि त्याचे माथेरानशी नाते मराठी प्रवाशाने विसरू नये असे आहे. १९१२ साली माथेरानच्याच एका नाभिक कुटुंबात जन्मलेले भाई कोतवाल वकील झाले, येथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडण्याचा धडाका लावला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. गावात त्यांचे स्मारक आहे. येथील कडे गव्हर्नरांची, त्यांच्या आप्तांची आणि साहेबांच्या लहरीची नावे मिरवतात. ज्या रयतेने हे गाव खांद्यावर वाहिले तिच्यातून निघालेल्या या पुरुषाच्या स्मारकाशी दहा मिनिटे थांबणे, हे कोणत्याही पॉइंटापेक्षा कमी मोलाचे नाही.

दुसऱ्या दिवसाची दुपार मुद्दाम मोकळी ठेवावी. ही सूचना ऐकताना सोपी वाटते, पाळताना कठीण जाते, कारण जेवण झाले की कोणीतरी ‘आता कुठे जायचे?’ असे विचारतोच. त्याला व्हरांड्यातील खुर्ची दाखवावी. अर्धा तास कोणी हालचाल केली नाही तर समोरच्या झाडीत हालचाल सुरू होते. वरच्या फांद्यांतून तांबूस पाठीचा, झुपकेदार लांब शेपटीचा शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेतो; महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी येथे सहज दिसतो, फक्त त्याच्यासाठी मान वर करून स्वस्थ बसावे लागते. माकडांसाठी तशी प्रतीक्षा करावी लागत नाही. कोणी बिस्किटाचा पुडा उघडला की आवाज न करता एक वानरी खुर्चीच्या पाठीवर येऊन बसते, पुडा हातातून असा काढून घेते की जणू तिचाच होता, आणि कठड्यावर बसून एकेक बिस्किट उलटसुलट पाहून खाते. त्यांना खाऊ घालण्याची हौस करू नये. आज दिलेल्या एका केळ्याचे व्याज उद्या येणाऱ्या लहान मुलाला ओरबाडण्याच्या रूपाने भरावे लागते.

सायंकाळी पश्चिमेचा कडा. सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंटची ख्याती आहे, म्हणून गर्दीही तेथेच होते. लुईसा पॉइंटवरून दरीपलीकडे प्रबळगडाचा प्रचंड पसारा समोरासमोर दिसतो आणि मावळतीचे ऊन त्याच्या कड्यांच्या घड्या उलगडून दाखविते, म्हणून माझा कल तिकडे अधिक. कठडे जेथे आहेत तेथे त्यांच्या आत राहावे, जेथे नाहीत तेथे काठापासून दोन पुरुष मागे राहावे, आणि छायाचित्रासाठी पाठीमागे पावले टाकीत जाण्याचा अविचार कोणाला करू देऊ नये. सूर्य बुडाल्यावर झाडीत अंधार फार लवकर दाटतो. बरोबर आणलेल्या विजेरीचे सार्थक त्या वेळी होते. परतताना बाजारात चिक्की, मध आणि कातडी चपला यांची दुकाने उघडी असतात. चपला येथील जुना जिन्नस आहे. मध घेताना मात्र नुसते बाटलीवरील जंगलाचे चित्र पाहून घेऊ नये.

माथेरानच्या निवांतपणाला एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चाकांना मनाई असल्यामुळे मिळणारी शांतता आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीवर उभी होती. चढावर एकाने पुढून ओढावी, दोघांनी मागून रेटावी, आणि आत बसलेल्याने हवा खावी, असा तो प्रकार होता. २०२२ च्या अखेरीस येथे प्रयोगादाखल ई-रिक्षा सुरू झाल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करावी व ओढणाऱ्यांचे पुनर्वसन ई-रिक्षांच्या द्वारे करावे असा आदेश दिला. घोडेवाल्यांना आपल्या पोटाची चिंता आहे, पर्यावरणवाद्यांना भीती आहे की तीन चाकांमागून चार चाके येतील, आणि शाळेसाठी रोज पायपीट करणाऱ्या मुलांना व आजाऱ्यांना या वाहनाची खरोखर गरज आहे. या सर्वांचे म्हणणे आपापल्या जागी रास्त असल्यामुळे पाहुण्याने निदान एवढे करावे: ज्याचे पाय धड आहेत त्याने चालावे, आणि वाहनातील जागा वृद्धांना, रुग्णांना व गावकऱ्यांना सोडावी.

राहता राहिला दिवसांचा हिशेब. सकाळी वर येऊन संध्याकाळी उतरणाऱ्यास माथेरान फक्त बाजारापुरते भेटते. एका रात्रीचा मुक्काम केला तर संध्याकाळ पोहोचण्यात आणि सकाळ निघण्याच्या तयारीत जाते, व मधल्या झोपेलाच सहल म्हणावे लागते. दोन रात्रींत वर सांगितलेला सारा क्रम न धावता बसतो, मोकळी दुपारही पदरात पडते, आणि तिसऱ्या दिवशी सावकाश न्याहारी करून निघालेला मनुष्य दिवेलागणीच्या आत मुंबईस वा पुण्यास आपल्या घरी असतो. खर्चाची ओढाताण असेल तर खोली साधी घ्यावी, घोडा सोडून द्यावा, बाजारातील खरेदी अर्ध्यावर आणावी. दुसऱ्या रात्रीवर मात्र काटछाट करू नये.